बसस्टॉपवर उभं राहायचे कपडे आणि पळायचे कपडे

पहिल्या हिवाळ्यात मी पळायला जायचे तेव्हाचा माझा अवतार आठवला तरी आता हसू येतं. आत कॉटनचा टीशर्ट, त्यावर फुल बाह्यांचा अजून एक कॉटनचाच, त्यावर जाडजूड हुडी, खाली ट्रॅकपँट, पायात एकावर एक दोन मोजे, डोक्याला कानटोपी (आईने फोनवर इतक्यांदा बजावलं होतं की न घालून सांगते कोणाला) आणि गळ्यात चक्क मफलर. पळायला जाताना मफलर!

दादा माझ्या कितीतरी आधीपासून पळतोय आणि तसा तो बोलतो कमी. त्या दिवशी दारात मला वरपासून खालपर्यंत बघून एवढंच म्हणाला, "पळायला चाललीयेस की बसस्टॉपवर उभी राहायला?" मला रागच आला. तो स्वतः एक पातळसा फुल बाह्यांचा टीशर्ट, टाइट्स (अंगाला चिकटून बसणारी पळायची पँट), हातमोजे आणि कानावर पट्टी एवढ्यावर निघाला होता. म्हटलं अरे, थंडी वाजेल तुला. तर म्हणे, "वाजतेच आहे. दहा मिनिटं वाजणार."

पुढे काय झालं ते ज्यांनी हे केलंय त्यांना सांगायला नकोच. दीड किलोमीटरला मफलर हातात, दोनला कानटोपी खिशात, अडीचला हुडी कमरेला बांधलेली आणि तिच्या बाह्या मांड्यांवर फटाफट आपटतायत, आतला टीशर्ट घामाने गच्च. मी मनात म्हणतेय की बरं झालं, थंडीबिंडी काही नाही. मग पाचव्या किलोमीटरच्या आसपास बुटाची लेस सुटली म्हणून थांबले, बांधली, थोडा दम खाल्ला, दोन-तीन मिनिटंच असतील, तेवढ्यात वारा सुटला आणि पाठीवर कोणीतरी बर्फाची लादी ठेवल्यासारखं झालं. परत हुडी चढवली तर तीही आतून ओली. घरी पोचेपर्यंत दातावर दात, बोटं बधिर, बुटाची लेस सोडवता येईना. तासभर ब्लँकेटमध्ये गुरफटून बसले तरी हुडहुडी जाईना.

आणि डोक्यात एकच प्रश्न, की मी तर त्याच्यापेक्षा तिप्पट कपडे घातले होते ना, मग मीच का कुडकुडले?

याचं उत्तर मला नीट समजायला अख्खा हिवाळा गेला, दादाचं डोकं भरपूर खाल्लं, थोडं वाचलं, बाकी अंगावरच शिकले. मुद्दा तसा साधाय. आपण कपडे निवडतो दारात किंवा खिडकीत उभं राहून, थंड अंगाने, आणि ते घालून पळतं ते वेगळंच अंग असतं. नुसतं बसलेल्या माणसाच्या शरीरातून साधारण १०० वॉट उष्णता निघत असते, जुन्या पिवळ्या बल्बएवढी म्हणा. तेच साठ किलोचं माणूस ताशी १० किमीने पळायला लागलं की ५०० वॉटच्या वर जातं, कारण स्नायू जी ऊर्जा जाळतात त्यातली जेमतेम पाव हालचालीत जाते आणि बाकी सगळी उष्णता. म्हणजे आपण हुडीच्या आत अक्षरशः एक छोटा हीटर लावून पळतोय, आणि तो हीटर दाराबाहेर पडताना बंद असतो हीच सगळी गोची.

गंमत म्हणजे कपड्यांची ऊब मोजायचं एक एकक आहे, क्लो नावाचं, १९४१ मध्ये ठरवलेलं. १ क्लो म्हणजे काय, तर २१ डिग्रीच्या खोलीत शांत बसलेल्या माणसाला बरं वाटेल एवढे कपडे. बघा, व्याख्येतच माणूस बसलेला आहे! दादाचं बसस्टॉपवालं बोलणं मला तेव्हा झोंबलं होतं पण ते किती शास्त्रशुद्ध होतं हे हे वाचल्यावर कळलं, अर्थात त्याला मी ते सांगितलेलं नाही.

तर पळणाऱ्यांमध्ये एक ठोकताळा चालतो, की हवा आहे त्यापेक्षा १० डिग्री जास्त आहे असं समजून कपडे घालायचे. बाहेर ५ डिग्री असेल तर १५ डिग्रीला नुसतं फिरायला जाताना काय घालाल ते घाला. पहिली दहा मिनिटं काकडायला होतं, तेव्हा स्वतःला शिव्या घालायच्या, आणि नंतर शरीर तापलं की बरोब्बर होतं. बाहेर पडल्या पडल्या मस्त उबदार वाटत असेल तर समजायचं की आज काहीतरी कमरेला बांधून परत यायचंय. पण हा १० चा आकडा काही दगडावरची रेघ नाही हां. हळू पळणारे, बारीक चणीचे, किंवा पळत-चालत-पळत असं करणारे, यांचा हीटर तेवढा तापत नाही, त्यांनी ५-६ डिग्रीच धरावेत. मी स्वतः हळू पळते, माझा हिशोब ७-८ चा आहे. आणि ज्या दिवशी इंटरवल्स, म्हणजे थोडं वेगात पळायचं, थोडा रेस्ट, परत वेगात, असं असेल त्या दिवशी मधल्या रेस्टमध्ये गारठतो म्हणून तो हिशोबही बदलतो, ते एक वेगळंच दुखणं.

आता कापड. इथे मी जरा लांबण लावणार आहे कारण माझ्या मते नव्वद टक्के सुख अंगाला चिकटलेल्या पहिल्या थरात असतं, वरचं जाकीट कितीही भारी असो.

कॉटन नको. हे सगळेच सांगतात पण का ते सांगत नाहीत म्हणून मी इतके दिवस ऐकलं नव्हतं. कापसाचा धागा पाणी स्वतःच्या आत ओढून घेतो, फुगतो, आणि मग ते पाणी सोडता सोडत नाही. उन्हाळ्यात हेच आवडतं आपल्याला. थंडीत काय होतं की तो ओला टीशर्ट त्वचेला चिकटतो, आणि पाणी हवेपेक्षा साधारण २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं, म्हणजे ऊब धरून ठेवणारी जी हवा कपड्यात अडकलेली असायला हवी होती तिच्या जागी पाणी बसलं. वर तो घाम सुकताना अंगातलीच उष्णता घेतो, १ लिटर घाम पूर्ण सुकायला ५८० किलोकॅलरीच्या आसपास लागते. पळत असताना ठीके, हीटर चालू आहे, देऊ शकतो. थांबलात की हीटर बंद, पण घामाची वसुली चालूच. लेस बांधायला थांबले तेव्हा माझं नेमकं हेच झालं होतं.

पॉलिएस्टरचा धागा पाणी जवळजवळ पितच नाही, स्वतःच्या वजनाच्या १ टक्काही नाही. मग घाम जातो कुठे, तर दोन धाग्यांच्या मधल्या बारीक फटींतून तो वर चढतो, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसा, आणि कपड्याच्या बाहेरच्या बाजूला पसरून उडून जातो. म्हणून हे कपडे पटकन सुकतात. पण एक आहे, ते अंगाला लागून असले तरच ही वात चालते. ढगळ टीशर्ट घातला तर घाम त्वचेवरच राहतो आणि कापड आपलं बाजूला फडफडतंय. मी पहिला थर्मल टीशर्ट एक साइज मोठा घेतला होता, पोट दिसायला नको म्हणून (हो, खरं कारण हेच), आणि महिनाभर म्हणत होते की यात काही अर्थ नाही, कॉटनच बरं. मग दादाचा मापाचा एक घालून बघितला आणि गप्प बसले. आता वर सैलसर काहीतरी घालते, पोटाचा प्रश्न मिटला.

पॉलिएस्टरचा शत्रू वास. दोनदा घातला की कितीही धुवा, अंग तापलं की तो जुना वास परत उठतो, जणू मागच्या आठवड्यातलं पळणं आठवण काढतंय. घामाचा वास करणारे काही जिवाणू पॉलिएस्टरवर कापसापेक्षा जास्त वाढतात, त्यामुळे हा काही फक्त मनाचा खेळ नाही.

आणि मग मेरिनो. मेरिनो म्हणजे त्या जातीच्या मेंढ्यांची लोकर, पण लोकर म्हटलं की जो टोचरा स्वेटर डोळ्यासमोर येतो तो डोक्यातून काढून टाका. लोकर टोचते ती जाड तंतूंमुळे, साधारण ३० मायक्रॉनच्या (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) वरचे तंतू त्वचेवर वाकत नाहीत, सुईसारखे रुततात. आतून घालायच्या मेरिनोचा तंतू १७ ते १९ मायक्रॉनचा असतो, तो वाकतो. लेबलवर आकडा लिहिलेला असतो बऱ्याचदा, तो बघा. हे कापड ३० टक्क्यांच्या आसपास ओलावा पोटात घेऊनही हाताला ओलं लागत नाही आणि चार-पाच दिवस घातलं तरी वास मारत नाही, एवढं की मला स्वतःचीच शंका यायला लागली होती. तोटे पण सांगते ना. सुकायला पॉलिएस्टरपेक्षा वेळ लागतो, महाग असतं, बॅग किंवा बेल्ट घासला की भोकं पडतात, आणि कसरीला ते आपल्याइतकंच आवडतं. माझा एक टीशर्ट उन्हाळाभर कपाटात होता, काढला तर काखेत तीन गोल भोकं. तरी घालते.

मला विचाराल तर छोट्या पळण्याला पॉलिएस्टर आणि दीड-दोन तासांच्या लाँग रनला किंवा खूप कडाक्याच्या दिवशी मेरिनो. दोन्हीचं मिश्रण असलेलंही मिळतं आणि ते मला वाटतं बहुतेकांना पुरेल.

थरांची गोष्ट सगळीकडे तीनची सांगतात, आतला घाम ओढणारा, मधला ऊब देणारा, वरचा वारा-पाऊस अडवणारा. डोंगर चढणाऱ्यांचं ते गणित आहे, त्यांना थांबायचं असतं, तंबू लावायचा असतो. जॉर्ज मॅलरी हा ब्रिटिश गिर्यारोहक १९२४ मध्ये एव्हरेस्टवर गेला आणि १९९९ मध्ये त्याचा देह सापडला तेव्हा अंगावर रेशीम, सुती, लोकर असे पातळ पातळ थर आणि वरून गॅबर्डिन, म्हणजे वारा अडवणारं घट्ट विणीचं कापड होतं. २००६ मध्ये तसेच्या तसे कपडे बनवून एव्हरेस्टवर घालून बघितले तर ते हलके आणि बऱ्यापैकी आरामदायक निघाले. म्हणजे पातळ थरांची युक्ती शंभर वर्षं जुनी आहे, कोणी काल शोधून काढलेली नाही. पण पळणाऱ्याला बहुतेक वेळा दोनच थर लागतात, मधला थर मी तर तापमान शून्याच्या बऱ्याच खाली गेल्यावरच घालते.

आता वारा. पहिली दोन वर्षं मी फक्त तापमान बघायचे आणि दर तिसऱ्या दिवशी चुकायचे, कारण ५ डिग्री आणि शांत हवा म्हणजे पळायला स्वर्ग, आणि ५ डिग्री आणि बोचरा वारा म्हणजे कानात सुया. ताशी ३० किमीचा वारा असेल तर ५ डिग्री हे उघड्या त्वचेला शून्यासारखं लागतं. फोनमध्ये जे फील्स लाइक दिसतं ते हेच. याची सुरुवात अंटार्क्टिकात झाली, पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसेल या दोघा अमेरिकन संशोधकांनी प्लास्टिकच्या नळकांड्यात पाणी भरून ते वाऱ्यात टांगलं आणि गोठायला किती वेळ लागतो ते मोजत बसले. आत्ता वापरतात तो फॉर्म्युला २००१ चा, अमेरिका-कॅनडाने मिळून केलेला. आणि तो सुद्धा चालणाऱ्या माणसाचा वेग धरून बनवलाय, पळणाऱ्याचा नाही!

पळताना आपण आपला स्वतःचा वारा बनवतो हे लक्षात घ्या. तुम्ही १० ने पळताय आणि समोरून २० चा वारा आहे, तर अंगावर येतो ३० चा. तोच वळून पाठीमागून आला की अंगावर उरतो फक्त १०, आणि वारा पण १० चाच असेल तर काहीच नाही, आपण आपल्याच वाफेच्या ढगात पळतोय. तेच कपडे, तीच सकाळ, जाताना गारठा आणि येताना उकाडा. म्हणून जायचं वाऱ्याच्या तोंडावर आणि यायचं वारा पाठीवर घेऊन. मी एकदा उलटं केलं होतं, जाताना मस्त तरंगत गेले, घाम काढला, आणि मग ओल्या अंगाने सहा किलोमीटर वाऱ्याच्या तोंडावर. दादाला फोन करून घ्यायला बोलवावं असं वाटत होतं पण फोन थंडीने बंद पडला होता. (फोन आतल्या खिशात, अंगाजवळ ठेवा. गारठ्यात बॅटरी ४० टक्के दाखवत असताना मान टाकते.)

वाऱ्यासाठी वरचं जाकीट कसं घ्यायचं यावर माझं ठाम मत आहे. पूर्ण वॉटरप्रूफ नको, पाऊस किंवा ओला बर्फ पडत नसेल तर. श्वास घेणारं वगैरे लिहिलेलं असतं पण पळताना जेवढी वाफ अंगातून निघते तेवढी बाहेर जाऊच शकत नाही, आतून थेंब जमतात. मी तसलं एक जाकीट हौसेने घेतलं आणि पहिल्याच दिवशी बाही उलटी केली तर कोपरातून पाणी टपकलं, पाऊस नव्हता, माझंच होतं सगळं. त्यापेक्षा कागदासारखं पातळ विंडचीटर, मुठीत मावणारं, पाठीला किंवा काखेत जाळी असलेलं. किंवा बिनबाह्यांचं, छाती-पोट झाकणारं. ते मला सगळ्यात आवडतं, कारण गारठतं ते समोरून आणि घाम येतो तो पाठीला, मग दोन्हीकडे एकसारखं कापड कशाला?

आणि चेन हवीच. हाफ झिप म्हणतात ना, गळ्यापासून छातीपर्यंतची. कपडा काढणं-घालणं म्हणजे थांबणं आलं, चेन मात्र पळता पळता वर-खाली करता येते, चढाला उघडायची, उतारावर लावायची. घेताना चेन पूर्ण वर लावून हनुवटी खाली घालून बघा, वरच्या टोकाला कापडाची छोटी टोपी शिवलेली नसेल तर तो धातू हनुवटीला घासून घासून जीव काढतो. बाह्यांना अंगठ्याचं भोक असेल तर उत्तम, मनगटाची ती दोन बोटांची फट, जिथून सगळा वारा आत शिरतो, ती बुजते.

हातांबद्दल मात्र मी हळवी आहे. शरीराला गारठा जाणवला की ते आधी हातापायांचं रक्त आखडतं, आतल्या अवयवांची सोय पहिली, बोटांचं नंतर बघू. त्यात पळताना हात पुढे-मागे वाऱ्यात हलत असतात आणि काम काहीच करत नाहीत. त्यामुळे अंगाला घाम आणि बोटं बधिर हे एकाच वेळी होऊ शकतं, त्यात विरोधाभास काही नाही. पाच बोटांच्या हातमोज्यात प्रत्येक बोट एकटं पडतं, मिटन, म्हणजे चार बोटं एका घरात आणि अंगठा वेगळा, त्यात ती एकमेकांना ऊब देतात. मी वर्षभर जाड, अजून जाड, अजून जाड असे ग्लोव्ह्ज घेत गेले, आणि शेवटी पातळ ग्लोव्ह्जवर वाऱ्याचं एक फडतूस दिसणारं मिटन चढवलं तर काम झालं. आणि हो, हात बाहेर पडायच्या आधीच गरम असायला हवेत. घरात हातमोजे घालून पाच मिनिटं उड्या मारा, घरचे हसतील, हसू दे. एकदा गार पडलेली बोटं हातमोज्यात घातली तर हातमोजे गारवा पण तितक्याच इमानाने टिकवतात. कोणाची बोटं जर पांढरीफटक पडून मग निळी-लाल होत असतील तर तो नुसता कपड्यांचा प्रश्न नसतो, डॉक्टरांना दाखवा.

डोकं. आईचं म्हणणं की अर्धी थंडी डोक्यातून शिरते, आणि इंग्रजीतही असंच म्हणायचे की निम्मी उष्णता डोक्यातून जाते. तसं काही नाहीये, डोकं हा शरीराच्या पृष्ठभागाचा साधारण दहावा हिस्सा आणि उष्णता पण त्याच मानाने जाते. पण कान! कान पातळ, उघडे, आणि ठणकायला लागले की बाकी सगळं विसरायला होतं. मला शून्याच्या वर कानावरची पट्टी पुरते, डोक्यातून वाफ जाऊ द्यायची, त्याखाली पातळ टोपी. केस लांब असतील तर शेंडीसाठी मागे भोक असलेली. जाड विणलेली कानटोपी घामाने जड होते आणि डोळ्यावर घसरते. आईला हे सांगितलं नाही, तिच्या फोनच्या वेळी मी कानटोपी घातलेलीच असते.

गळ्यासाठी मफलर सोडून काहीही. कापडाची नळी मिळते ती घ्या, वर ओढली तर नाकातोंडावर येते, खाली केली तर गळ्यात. गार कोरडी हवा एकदम छातीत गेली की काही जणांना खोकल्याची ढास लागते, त्यांना नळीतून श्वास घेतला की बरं वाटतं, आत थोडी ऊब आणि ओल राहते. अर्ध्या तासाने ती श्वासाने ओलीचिंब होते, मग फिरवून कोरडी बाजू पुढे आणायची.

पायांचं फार काही नाही. मांड्यांचे स्नायू हेच तर हीटर आहेत, एक टाइट्स पुरतात, खूप गारठा असेल तर आतून मऊ अस्तर असलेल्या. सैल ट्रॅकपँट ओली झाली की पोटऱ्यांना लपालपा लागते. पुरुष मंडळींनी मात्र समोर वारा अडवणारं कापड असलेली अंतर्वस्त्रं घ्यावीत, यात हसण्यासारखं काही नाही. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये थंडी-वाऱ्यामुळे ५० किमीची स्की शर्यत कापून ३० ची केली, तरी फिनलंडच्या एका खेळाडूला शर्यत संपल्यावर नको त्या जागी शेक घेत बसावं लागलं. दादाला हे सांगितलं तर पहिल्यांदाच तो माझं ऐकून काहीतरी विकत घेऊन आला.

मोज्यांत माझी चूक वर सांगितलीच. दोन जाड मोजे घातले की बूट घट्ट होतो, रक्त फिरत नाही, आणि पाय उलट जास्त गार पडतात. एकच जोडी, लोकरीची किंवा सिंथेटिक, घोट्याच्या वर जाणारी, म्हणजे मोजा आणि टाइट्समध्ये उघडी चामडी राहात नाही. ती दोन इंचांची पट्टी लाल होऊन किती आग होते हे आंघोळीचं गरम पाणी लागल्यावर कळतं.

बायकांसाठी एक, जे मला कोणीच सांगितलं नव्हतं. सगळ्यात उशिरा सुकते ती स्पोर्ट्स ब्रा. वरचा टीशर्ट भारीतला आणि आत जाड पॅडची, कॉटनच्या अस्तराची ब्रा, तर छातीवर ओला बोळा बांधून पळतोय आपण. पहिला थर तोच आहे, तिथून सुरुवात करा. पॅड निघणारे असतील तर काढून ठेवा. शिवणी चपट्या आहेत का ते आतून बोट फिरवून बघा, आणि काखेत, ब्राच्या पट्ट्याखाली आधीच थोडं व्हॅसलीन. घाम सुकून मीठ राहतं आणि ते बारीक सँडपेपरसारखं घासतं, थंडीत त्वचा कोरडी असते म्हणून अजूनच.

हिवाळ्यात सकाळ-संध्याकाळ अंधारच असतो, आणि आपले सगळे कपडे काळे, का कोण जाणे. चमकणाऱ्या पट्ट्या छातीवर असण्यापेक्षा घोट्यावर आणि मनगटावर असू द्या, हलणारी गोष्ट गाडीवाल्याला लवकर माणूस म्हणून ओळखू येते.

परत आल्यावर दारातच गप्पा मारत उभं राहायचं नाही. ताणून घेणं, घड्याळातले आकडे बघणं, फोटो, सगळं नंतर. आधी ओलं सगळं, ब्रासकट, काढायचं आणि कोरडं घालायचं, पाच मिनिटांच्या आत. गाडीने कुठे लांब जाऊन पळत असाल तर कोरडा टीशर्ट आणि टोपी गाडीतच हवी. माझी हुडहुडी नेहमी पळून झाल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी यायची, आणि मी त्याचा दोष पळण्याला द्यायचे.

धुताना कपडे मऊ करणारं ते सुगंधी लिक्विड टाकू नका, त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि ती वात बंद पडते. मी वर्षभर टाकत होते. कपडे उलटे करून, कोमट पाण्यात, साधी पावडर, आणि पळून आल्यावर बादलीत गोळा करून ठेवण्याऐवजी लगेच वाळत टाका, दुसऱ्या दिवशी धुवा हवं तर.

एवढं सगळं वाचून तुम्ही उद्या जाल आणि तरी चुकाल, कारण माझे ७ डिग्री आणि तुमचे ७ डिग्री वेगळे. मला खरा फायदा झाला तो एका फुकटच्या वहीचा. दर वेळी चार गोष्टी लिहायच्या: तापमान, वारा, काय घातलं, आणि पंधराव्या मिनिटाला कसं वाटत होतं. पंधराव्याच, पहिल्या नाही. तिसऱ्या हिवाळ्यापासून लिहितेय, आता सकाळी खिडकीत उभं राहून विचार करत नाही, वही उघडते आणि तिथे जे लिहिलंय ते निमूट घालते, दारात कितीही कुडकुडायला होवो. सगळ्यात जास्त वेळा लिहिलेलं वाक्य आहे "एक थर कमी चालला असता". "अजून एक हवा होता" असं फक्त चार वेळा आहे, आणि त्यातल्या तीन वेळा कारण वारा.

कालचं पान असं आहे. १ डिग्री, वारा किरकोळ, पातळ मेरिनो, बिनबाह्यांचं विंडचीटर, टाइट्स, कानपट्टी, ग्लोव्ह्जवर मिटन. पंधराव्या मिनिटाला मस्त. पन्नासाव्या मिनिटाला डावा अंगठा गार. डावाच का ते अजून कळलेलं नाही, कोणाला माहीत असेल तर सांगा.